6.5 क्रीडमूर: तीनशे पंधरा आणि थर्टी-ओ-सिक्सवर हात बसलेल्यांसाठी

काडतुसाबद्दल मराठीत सहसा कुणी लिहीत नाही. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली. ज्यांच्या घरात परवान्याची रायफल आहे त्यांचीही वर्षाचे बहुतेक दिवस कपाटात असते, आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा होते. तरीही हे लिहितोय, कारण सोलापूर-बार्शी-अक्कलकोट पट्ट्यातल्या माझ्या वयाच्या बऱ्याच जणांची मुलं आता टेक्सास, कोलोरॅडोकडे स्थायिक झाली आहेत. आईवडील सहा-सहा महिने तिकडे जाऊन राहतात, आणि कुणीतरी ओळखीचा रँचवाला विचारतोच, "रायफल चालवता का?" अशा वेळी हातात काय घ्यावं, याबद्दल माझं मत पक्कं झालं आहे. 6.5 क्रीडमूर या काडतुसाची रायफल घ्या. साठी उलटलेल्या माणसाला ते थर्टी-ओ-सिक्स (.30-06) या जुन्या अमेरिकन काडतुसापेक्षा बरं.

हे मत सहज झालेलं नाही. आमच्या घरात वडिलांची बी.एस.ए. या इंग्रज कंपनीची तीनशे पंधरा (.315) रायफल आहे. त्या काडतुसाची कुळी ऑस्ट्रियाच्या जुन्या 8 मिलिमीटर मॅनलिकरची. इंग्रजांच्या काळात फौजेचं .303 सामान्य माणसाला मिळू द्यायचं नव्हतं, म्हणून हे दुसऱ्या मापाचं काडतूस हिंदुस्थानात रुजलं, आणि स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या कारखान्याने त्याच मापाच्या रायफली काढल्या. काडतुसं आपल्या पुण्याच्या खडकीची. पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी कवचाच्या) बुडावर 'केएफ' ही अक्षरं लहानपणापासून पाहिलेली. 244 ग्रेनची (ग्रेन हे गोळीचं वजन मोजायचं माप) जाड, बोथट गोळी, वेग सेकंदाला दोन हजार फुटांच्या आसपास. वडील सांगायचे, ही गोळी धावत नाही, चालत जाते, पण पोचते.

वडिलांबरोबर सीना आणि भीमेच्या काठाने मी पोरवयात हिंडलो तो कायद्याच्या आधीचा काळ. त्यानंतर वनखात्याचा रीतसर परवाना घेऊन उसात घुसलेली रानडुकरं मारण्याच्या कामात कधीमधी गेलो. नोकरी सूतगिरणीत, फोरमन म्हणून. मायक्रोमीटर हातात धरून दिवस काढलेला माणूस आहे, त्यामुळे नवीन काडतूस हातात आलं की आधी ते मोजावंसं वाटतं.

वडिलांचा एक दंडक होता. बार टाकायचा तर जनावर जागेवर पडेल अशीच संधी असली पाहिजे, आणि जखमी होऊन पळालंच तर माग काढल्याशिवाय घरी यायचं नाही, मग रात्र होवो की पाऊस येवो. काडतूस चांगलं की वाईट, हे मी याच एका गोष्टीवरून ठरवतो. गोळी किती मोठी, आवाज किती दणदणीत, याला माझ्या लेखी किंमत नाही.

टेक्सासमध्ये ऑस्टिनच्या पश्चिमेला हिल कंट्री म्हणून भाग आहे. चुनखडीचे उघडे खडक, बाभळीच्या जातीची काटेरी झुडपं, उन्हाळ्यात पार करपून गेलेलं गवत. करमाळ्याकडच्या माणसाला तिथे परकं वाटणार नाही. मुलाच्या ओळखीतल्या एका रँचवाल्याकडे डुकरांचा उच्छाद होता. तिकडची ही डुकरं मूळची पाळीव, रानात सुटून माजलेली आणि युरोपातल्या रानडुकरांशी संकर झालेली. एका रात्रीत अख्खं कुरण नांगरल्यासारखं उकरून टाकतात. तिथे कुणालाही खाजगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने, ती मारायला शिकारीचं लायसन्ससुद्धा लागत नाही. आपल्याला मात्र ते दुसऱ्या कारणासाठी लागतं, आणि हे नीट लक्षात ठेवा. व्हिजिटर व्हिसावर गेलेल्या परदेशी माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना जवळ असेल तर त्यातून सूट मिळते. म्हणून डुकरासाठी गरज नसली तरी नॉन-रेसिडेंट लायसन्स आधी काढायचं, खिशात ठेवायचं, आणि मगच रायफलीला हात लावायचा. टेक्सासमध्ये हंटर एज्युकेशनचा कोर्स 2 सप्टेंबर 1971 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सक्तीचा आहे. आपण त्याआधीचे, त्यामुळे ती अट आपल्याला नाही. रँचवाल्याने तरी माझी स्वतः परीक्षा घेतली: बोल्ट उघडून दाखव, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामं आहे का ते बोटाने तपास, नळी कुणाकडे वळवू नकोस. मला त्याचं हे वागणं फार आवडलं.

हा माणूस माझ्याच वयाचा. त्याच्या भिंतीवर वडिलांकडून आलेली थर्टी-ओ-सिक्स. अमेरिकेत या काडतुसाला आपल्याकडच्या तीनशे पंधरापेक्षाही मोठा मान आहे. 1906 मध्ये तिथल्या फौजेने स्वीकारलं, म्हणून नावात '06. दोन्ही महायुद्धांत वापरलं गेलं, आणि घरी परतलेल्या सैनिकांनी हरणापासून एल्क नावाच्या मोठ्या जनावरापर्यंत सगळं त्यावर मारलं. भिंतीवर हे असताना त्याने मला टेबलावर काढून दिली ती 6.5 क्रीडमूर. खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून तो स्वतः तीच वापरतो. त्याच्या बोलण्याचा मथितार्थ असा, की वडिलांच्या रायफलीबद्दलचं प्रेम तसूभर कमी झालेलं नाही, पण डुकराला त्या प्रेमाशी काही देणंघेणं नसतं.

आता काडतुसाबद्दल. हॉर्नाडी कंपनीने 2007 मध्ये आणलं, तेही शिकारीसाठी नव्हे, लांब पल्ल्याच्या निशाणेबाजीच्या स्पर्धांसाठी. गोळीचा व्यास .264 इंच. पुंगळी 1.92 इंच लांब, तर थर्टी-ओ-सिक्सची 2.494. दोन्ही शेजारी उभी केली की क्रीडमूर बुटकं दिसतं आणि जुन्या माणसाचा विश्वास बसत नाही. माझाही बसला नाही. मग गोळी बघा. 143 ग्रेनची, विणकामातल्या धोट्यासारखी लांब आणि दोन्हीकडे निमुळती. पुंगळी आखूड ठेवण्याचं कारण तेच आहे. गोळीचं लांब टोक बाहेर राहूनही काडतूस मॅगझिनमध्ये बसावं, गोळीचं बूड दारूत खोल दाबावं लागू नये. पुंगळीचा खांदा 30 अंशांचा, थर्टी-ओ-सिक्सचा साडेसतरा. नळीच्या आतल्या खाचांचा पीळ आठ इंचांत एक वेढा, म्हणजे लांब गोळी हवेत डगमगत नाही. थर्टी-ओ-सिक्सला बहुधा दहा इंचांत एक असतो. फोरमनच्या नजरेला यातली एकही गोष्ट उगाच केलेली वाटत नाही. गोळी आधी ठरवली आणि तिच्याभोवती काडतूस, चेंबर, पीळ सगळं बसवलं, असं हे काम आहे. जुन्या काडतुसांत आधी काडतूस आलं, आणि पुढच्या शंभर वर्षांत त्यात बऱ्यावाईट गोळ्या बसवत गेले.

वेग नळीच्या तोंडाशी सेकंदाला 2700 फूट. थर्टी-ओ-सिक्सची 180 ग्रेनची गोळीही साधारण एवढ्याच वेगाने सुटते. तिचं वजन जास्त, त्यामुळे तोंडाशी ताकदही जास्त: तिची सुमारे 2900 फूट-पाउंड, हिची 2300. इथे जुना शिकारी जिंकल्याच्या थाटात मान हलवतो. पण पुढे बघायला हवं. लांब निमुळती गोळी हवेत वेग कमी गमावते. चारशे यार्डांवर क्रीडमूरची गोळी अजून 2150 फुटांनी चाललेली असते. आमच्या तीनशे पंधराचा तेवढा वेग नळीतून बाहेर पडतानाही नसतो. हा आकडा कळला तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो. ज्या काडतुसावर आमच्या पिढीने आयुष्य काढलं आणि कधी कमी पडलं असं वाटलं नाही, त्यापेक्षा जास्त वेग हे 'बुटकं' चारशे यार्डांवर दाखवतं.

अर्थात चारशे यार्डांवर मी बार टाकत नाही आणि तुम्हीही टाकू नका. तिथे माणसाचा श्वास, वारा आणि जनावराचं एक पाऊल, तिन्ही गोष्टी हाताबाहेर असतात. दोनशे यार्डांच्या आत या दोन काडतुसांत जनावराच्या दृष्टीने फरक जवळजवळ नाही. फरक आहे तो रायफलीमागच्या माणसाला.

आठ पाउंडांच्या रायफलीत थर्टी-ओ-सिक्सचा धक्का साधारण 20 फूट-पाउंड, क्रीडमूरचा 12-13. कागदावर हे दोन आकडे आहेत. खांद्यावर काय होतं ते सांगतो. थर्टी-ओ-सिक्सचा बार झाला की कुंदा खांद्यात घुसतो, नळी वर उचलली जाते, स्कोपमधलं सगळं चित्र निघून जातं. पुन्हा बघेपर्यंत जनावर पडलं की पळालं, लागलं तर कुठे लागलं, काही कळत नाही. क्रीडमूरचा बार झाला तर स्कोपमध्ये डुक्कर दिसत राहतं. पहिल्या डुकराचे पुढचे पाय दुमडताना मी काचेतून पाहिले. कान फाकलेले, नाकपुड्यांवर चिखल, आणि पाय एकदम गेले. इतक्या वर्षांच्या बंदुकीच्या संगतीत, आपला बार कुठे बसला हे त्याच क्षणी डोळ्यांनी पाहण्याचा माझा तो पहिला प्रसंग. वडिलांचा दंडक पाळायला यापेक्षा मोठी मदत कुठलं काडतूस करणार?

दुसरी गोष्ट आहे दचकण्याची. धक्क्याची भीती असलेला माणूस घोडा ओढण्याच्या ऐन क्षणाला डोळे मिटतो आणि खांदा पुढे ढकलतो. तरुणपणी अंगात रग असते म्हणून ते झाकलं जातं. पंचाहत्तरीत खांदा आखडलेला, मानेत मणक्याचं दुखणं, त्यामुळे शरीर आपोआप सावध होतं. रँचवाल्याच्या टेबलावर मी मुद्दाम दोन्ही रायफली एकाच दुपारी चालवल्या. दोन्हींना स्कोप, दोन्हींच्या कुंद्याला रबर. नाहीतर आमच्या घरच्या उघड्या माशीच्या (स्कोप नसलेल्या), रबर नसलेल्या रायफलीशी तुलना करून नव्याला फुकटचं श्रेय दिल्यासारखं झालं असतं. शंभर यार्डांवर थर्टी-ओ-सिक्सच्या पहिल्या गोळ्या नीट जवळजवळ लागल्या, आणि मग पसरत गेल्या. रायफल तीच, काडतूस तेच, दमत होता तो खांदा. क्रीडमूरच्या शेवटच्या गोळ्या पहिल्यांइतक्याच जवळ होत्या, दीड इंचाच्या आत.

सोलापुरात परतल्यावर सात रस्त्याजवळ संध्याकाळी आमची बैठक असते. सगळे परवानाधारक, सगळे पिकलेले. तिथे हे सांगितलं तर अक्कलकोटचे आबा उसळलेच. "साडेसहा मिलिमीटर? त्यानं काय मरतंय ओ, ससा?" आबांचा हात थर्टी-ओ-सिक्सवर बसलेला. त्यांना मी स्वीडनचं उदाहरण दिलं. तिथे 6.5×55 हे काडतूस 1894 पासून आहे, आणि त्या लोकांनी आपल्या म्हशीएवढ्या मूस हरणांची शिकार पिढ्यान्पिढ्या त्यावर केली. म्हणजे साडेसहाची गोळी नवी नाहीच, तिच्याभोवतीची बांधणी नवी आहे. आबांनी ऐकून घेतलं, चहा संपवला, विषय बदलला.

पुढच्या थंडीत ते लेकीकडे ह्यूस्टनला गेले. एके दिवशी आपल्याकडे पहाट झालेली नसताना फोन. "काय ओ, हे तर खांद्याला मारतच नाही की ओ! आणि डुक्कर जागेवर. मी म्हटलं जावयानं बार टाकला का काय." आबांसारखा माणूस फोन करून हे कबूल करतो, यातच काडतुसाची परीक्षा झाली असं मी धरतो. आता बैठकीत त्याची सगळ्यात जास्त तरफदारी तेच करतात. मला मध्येच थांबवून आकडे सांगतात, आणि बरोबर सांगतात.

आता उणिवा, कारण त्या आहेत. नीलगाय टेक्सासमध्येही आहे. 1920-30 च्या दशकांत आपल्याकडची नीलगाय तिथल्या किंग रँचवर नेऊन सोडली, आणि आता दक्षिण टेक्सासमध्ये ती मोकळी फिरते. तिच्यासाठी क्रीडमूर घेऊ नका. जनावर अंगाने जाड आणि जिवट. तिथले जाणकार मार्गदर्शकही थर्टी-ओ-सिक्स किंवा त्याहून जड काहीतरी आणायला सांगतात, आणि त्यांचं बरोबर आहे. ज्याला जड काडतूस झेपत नाही त्याने नीलगाईच्या वाटेला जाऊ नये.

दुसरं, गोळी कुठली निवडता यावर फार अवलंबून आहे. 143 ग्रेनची ईएलडी-एक्स ही हॉर्नाडीची गोळी लांब पल्ल्याला उत्तम, पण पन्नास-साठ यार्डांवर वेग जास्त असल्याने ती फार लवकर फुटते आणि पुढच्या फऱ्याचं मांस खराब करते. डुकरं झाडीत जवळून मारायची तर 129 ग्रेनची साधी इंटरलॉक गोळी घ्या. वीस काडतुसांची पेटी तीस डॉलरच्या आसपास मिळते, ईएलडी-एक्सची चाळीस ते पन्नास. तिसरं, भोक लहान पडतं. जनावर चार पावलं गेलं तर थर्टी-ओ-सिक्सइतका ठळक रक्ताचा माग मिळेलच असं नाही. उंच गवतात याचा त्रास होतो. बार झाल्यावर जनावर शेवटचं कुठे दिसलं ते झाड, तो दगड मनात पक्का करूनच जागेवरून उठा.

आणि नव्याच्या नादात पार पुढेही जाऊ नका. 6.5 पीआरसी हे काडतूस 2018 मध्ये आलं, 7 एमएम पीआरसी 2022 मध्ये. दोन्ही नवी, दोन्ही वेगवान, पण धक्का पुन्हा वाढला. ज्या कारणासाठी आपण जुनं बाजूला ठेवतोय तेच कारण परत घरात घ्यायचं, याला अर्थ नाही. नव्या 7 एमएम पीआरसीपेक्षा 1980 चं 7 एमएम-08 आपल्या वयाला बरं.

याच रँचवर काळवीटं आहेत हे मला आधी माहीत नव्हतं. 1932 मध्ये टेक्सासमध्ये आणली, आता हजारोंनी वाढली आहेत, आणि परदेशी जनावर म्हणून त्यांची शिकार तिथे कायदेशीर आहे. रँचवाल्याने एक पिळदार शिंगांचा काळा नर दाखवला आणि म्हणाला, हवा तर घे, पाहुण्याला भेट. मी नको म्हटलं. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर 1979 मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं. तिथे काळवीटांचे कळप ज्वारीतून उड्या मारत जाताना मी नातवंडांना दाखवले आहेत. कायदा झाल्यावर ज्या जनावराला जगताना पाहिलं, त्यावर दुसऱ्या देशात नेम धरायला माझा हात उचलला जाणार नव्हता. तो समजला. आम्ही स्कोप काढून दुर्बिणीने त्याला बराच वेळ पाहत बसलो.

आपल्याकडे क्रीडमूर मिळेल का, असं बैठकीत रोज कुणीतरी विचारतं. दुकानात नाही. सामान्य परवानाधारकाला परदेशी रायफल आणि काडतुसं मागवता येत नाहीत. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला शस्त्रंही दोनच ठेवता येतात, त्यामुळे घरचं जुनं देऊन नवं घेण्याचा हिशेब कुणाला जमणारा नाही. पण एक गोष्ट करता येईल आणि ती व्हावी असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेत थर्टी-ओ-सिक्ससाठीच कमी धक्क्याची काडतुसं मिळतात, 125 ग्रेनची हलकी गोळी आणि दारू बेतलेली. पुंगळी तीच, रायफल तीच, खांद्याला निम्मा त्रास. खडकीच्या कारखान्याला 1869 पासूनचा अनुभव आहे. आपल्याकडे पीक राखायला परवाना काढून जाणारे बहुतेक जण पन्नाशी-साठीच्या पुढचे आहेत, कारण तरुण पोरांना नवे परवाने सहजी मिळत नाहीत. या म्हाताऱ्या खांद्यांसाठी तीनशे पंधरा आणि थर्टी-ओ-सिक्सचं असं हलकं काडतूस त्यांनी काढलं, तर उसातली जखमी डुकरं नक्की कमी होतील. दचकून टाकलेला बार पोटात बसतो, आणि पोटात लागलेलं डुक्कर उसात शिरलं की त्याचे हाल होतात आणि ऊसतोडीला येणाऱ्या बायाबापड्यांच्या जिवालाही धोका.

जाणाऱ्यांसाठी शेवटची सूचना. कानाला संरक्षण लावल्याशिवाय एकही बार टाकू नका, धक्का कमी असला तरी आवाज कमी नाही. लायसन्सच्या कागदाबरोबर पासपोर्टची प्रत ठेवा. आणि परत येताना आठवण म्हणून पुंगळी बॅगेत टाकण्याचा मोह आवरा. कोटाचे खिसे, बुटांचे कप्पे, औषधांची पिशवी, सगळं निघण्याच्या आदल्या रात्री उलटं करून झटका. विमानतळावर एक काडतूस सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, आणि मग या वयात तारखांना हेलपाटे घालत बसावं लागतं.